लाल बुचाची नळी

सकाळी सात वाजता दादाचं रक्त मीच काढलं आणि माती खाल्ली तीही मीच. साखर तपासायला राखाडी बुचाची नळी लागते, ती संपली होती. म्हटलं, लाल बुचाच्या साध्या नळीत घेते, अर्ध्या तासात फिरवून टाकते. नळ्या गरगर फिरवून रक्तातल्या पेशी वेगळ्या करायचं मशीन आहे आमच्या लॅबमध्ये. त्याने नेमकी त्याच दिवशी मान टाकली.

मेकॅनिक आठला म्हणाला, निघालोच. दहालाही निघालोच. दादाला परत बोलवावं, तर तो न्याहारी करून कंपनीत कामाला, क्रेनवर चढलेला, आणि रक्त उपाशीपोटीच हवं. मी येरझाऱ्या घालत होते. दोनदा उगाच हात धुतले, शिपायावर विनाकारण खेकसले. डोळे मात्र त्या नळीवर.

कारण नळीत जेवणावळ चालू होती. तांबड्या पेशींचं अजबच असतं. अंगभर ऑक्सिजन पोचवतात, पण स्वतः तो कणभर वापरत नाहीत. बाकीच्या पेशी साखर पार शेवटपर्यंत जाळून भरपूर शक्ती काढतात. यांच्याकडे ती भट्टीच नाही. ग्लुकोजचे दोन तुकडे करायचे, त्यात सुटेल तेवढ्या शक्तीवर तगायचं आणि उरलेलं आम्ल करून बाहेर टाकायचं. शरीराबाहेर आलोय हे त्यांना कोण सांगणार? राखाडी नळीतलं औषध त्यांचं हे काम थांबवतं. साध्या नळीत तासाला शंभरातली पाच-सात साखर फस्त.

मशीन एक वाजता सुरू झालं. आकडा आला एकशे अठरा.

दादाच्या कंपनीत क्रेन चालवणाऱ्याला उपाशीपोटीच्या साखरेची मर्यादा एकशे पंचवीस. तिच्यावर गेलं की क्रेनवरून खाली आणि स्टोअरमध्ये हातमोजे वाटायला. दादाने तीन महिने बिनसाखरेचा चहा घशाखाली ढकलला होता, तो याच भीतीने.

दोनला, जेवणाच्या सुट्टीत, तो स्वतःच आला. टेबलावरचा कागद उचलला, आकडा वाचला आणि खुर्चीत मागे रेलून हसला. "ठिणगे, जिंकलो बघ."

लहानपणापासून मला ठिणगी म्हणतो. मी सगळं सांगून टाकलं. नळी, मशीन, सहा तास.

"म्हणजे पेशींनी खाल्ली?"

"हो."

"माझ्याच ना त्या? मग खाल्लं तर बिघडलं कुठे?"

मला हसू आलं आणि त्याचाच राग आला. "दादा, हा आकडा तुझा नाहीये. खरा दीडशेच्या पुढे असेल. उद्या परत रक्त देतोस."

"आणि हा कागद आत्ता नेऊन दिला तर? कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय."

त्याने कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. मी चिडून काहीतरी बोलणार, तेवढ्यात तोच बोलला, अगदी हळू.

"परवा तुळई उतरवत होतो. खालचा माणूस हात हलवत होता. मला वाटलं, अजून खाली घे म्हणतोय. तो थांब म्हणत होता."

"मग?"

"पळाला म्हणून वाचला. हल्ली खालचं धूसर दिसतं गं, साखरेनेच असणार. कोणाला बोललो नाही."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. ओरडता आलं नाही. दिवसभर मी एका आकड्यासाठी तडफडत होते, आणि हा परवापासून हे एकटाच घेऊन फिरत होता.

त्याने कागद फाडला. मग खिशातून क्रेनच्या केबिनची किल्ली काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"उद्या सात वाजता येतो, उपाशी. तोवर ही तुझ्याकडे राहू दे. माझ्याजवळ असली तर मी आत्ता वर चढेन."