नमुना क्रमांक चार

"यातलं काय काय काढता येईल?" कोटवाल्याने विचारलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर माझंच पत्र उमटलं. साहेबांनी माझ्या फायलीतून उचलून ते त्याला दिलं होतं, मला न विचारता! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

या हॉस्पिटलच्या पत्रव्यवहार विभागात मी चोवीस वर्षं आहे. पेशंटच्या घरच्यांची पत्रं येतात, त्यांना उत्तरं लिहायची, हे माझं काम. आणि आता म्हणे मला पत्रं लिहायला शिकवणार! दोन दिवसांचा उजळणी वर्ग, वर चहा-बिस्किटं. शिकवणारा हा कोटवाला माझ्या धाकट्या भावापेक्षा लहान. दर वाक्याला हात चोळत हसायचा.

पडद्यावरचं पत्र अजून जायचं होतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांना ते उत्तर होतं. त्यांचा मुलगा, दोन पोरींचा बाप, आमच्याकडे वारला. हे गावाहून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यांनी विचारलं होतं, 'त्याला फार तहान लागायची. शेवटी कोणी पाणी दिलं का, एवढंच कळवा. त्याची आई रोज विचारते.'

असलं उत्तर मी खुर्चीत बसून लिहीत नाही. तीन जिने चढून वॉर्डात गेले. त्या दिवशीची सिस्टर सुट्टीवर होती, म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेले. ती म्हणाली, "दिलं हो ताई. डॉक्टरांना विचारून चमच्या-चमच्याने दिलं. अर्धी वाटी प्यायले. मग 'बास' म्हणाले आणि झोपले." मी ते जसंच्या तसं लिहिलं होतं.

"चमचा, वाटी... वाचायला वेळ कुणाला आहे?" कोटवाला म्हणाला. मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं. "शिवाय असं काही लिहिलं की उद्या कोर्टात प्रश्न येतात. आपला नमुना क्रमांक चार घ्या!"

त्याने सटासट ओळी उडवल्या. उरल्या तीन. 'आपले पत्र मिळाले. रुग्णावर नियमानुसार सर्व उपचार करण्यात आले. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.' आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या!

मी उठलेच. "अहो, पण त्यांनी जे विचारलंय त्याचं उत्तर कुठाय यात?"

"मॅडम, भावनिक होऊ नका." पुन्हा ते हात चोळणं.

संध्याकाळी साहेबांनी तेच तीन ओळींचं पत्र सहीला पुढे केलं. "उगाच फाटे फोडू नका. करा सही."

निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. तोंड उघडलं असतं, तर तळघरातल्या जुन्या कागदांत बदली ठरलेली. मी सही केली. दिवसभर मला त्या कोटवाल्याची किळस येत होती, घरी जाताना स्वतःच्या हाताची आली.

आठवड्याने त्या गृहस्थांचं पत्र आलं.

'उत्तर मिळालं. पाण्याचं काही लिहिलं नाहीत, त्यावरून काय ते समजलो. खोटं लिहून समजूत घातली नाहीत, आभारी आहे. त्याच्या आईला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगायचं ते कळत नाही.'

तशीच उठून साहेबांच्या टेबलावर ते पत्र ठेवलं. त्यांनी वरवर नजर फिरवली. "बघा! आभार मानलेत. वर्गाचा उपयोग झाला की नाही? याला नमुना सात लावून टाका."

"शी!" माझ्या तोंडून निघालंच.

"काय म्हणालात?"

"शी म्हणाले. आणि माझी अर्ध्या दिवसाची रजा लावा."

दोन बस बदलून मी पाकिटावरच्या पत्त्यावर, त्यांच्या मुलाच्या घरी पोचले. दुसरा मजला. दाराबाहेर लहान मुलींच्या चपला. त्या म्हाताऱ्या बाबांनीच दार उघडलं.

"मी हॉस्पिटलमधून आले. त्या पत्रावरची सही माझी आहे."

त्यांनी घाईने मागे पाहिलं आणि दार ओढून घेतलं. "हळू बोला. त्याची आई आत आहे. तिला काही सांगू नका."

"बाबा, पत्रात अर्धवट लिहिलं होतं. चूक माझी आहे. त्यांना पाणी दिलं होतं."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, माझ्यावर विश्वास नाही. का ठेवावा?

"कोणी दिलं?"

"सिस्टरने. चमच्याने. मी स्वतः तिला जाऊन विचारलंय. अर्धी वाटी प्यायले, मग 'बास' म्हणाले."

"बास म्हणाला?"

"हो."

त्यांनी चौकटीला हात टेकला. मग दार सताड उघडून आत हाक मारली, "अगं, गॅस बंद कर आणि इकडे ये. यांचं ऐक."