विवाहित विरुद्ध अविवाहित

"बाबा, यंदा तू कुणाकडून खेळणार? विवाहितांकडून की आमच्याकडून?"

हे विचारायची पैज माझ्या वर्गातल्या क्लाऊदियाने लावली होती, तीही भर चौकात, कॉफी पिणाऱ्या अख्ख्या गावासमोर. बाबा महिनाभर होड्यांच्या शेडमध्ये झोपतोय हे आमच्या बेटावर मांजरांनाही माहीत होतं. विचारायची टाप मात्र कुणाची नव्हती. माझी होती! हल्ली मी कशालाच घाबरत नाही, असं मी वर्गात जाहीरच करून टाकलं होतं.

वाटलं, तो हसेल, माझा कान पिळेल. तो कपात चमचा फिरवत राहिला.

"यंदा विवाहितांकडूनच, मेना," तो म्हणाला. "कोर्टाची तारीख जानेवारीतली आहे."

क्लाऊदियाचं हसू तोंडातच राहिलं. आईबाबांचा घटस्फोट होणार हे मला असं कळलं, चौकात, पैज जिंकता जिंकता.

संध्याकाळी दोघांनी मला समोर बसवलं. बाबा समुद्रापलीकडे स्प्लिट शहरात राहायला जाणार, आई इथेच. "तू कुणाकडे राहायचं ते तूच ठरव," आई म्हणाली. "घाई नाही. सण झाल्यावर सांग." घाई नाही म्हणे! मी उठून सरळ माझ्या खोलीत पळाले. मी!

नाताळच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे विवाहित विरुद्ध अविवाहित असा फुटबॉलचा सामना होतो आणि हरलेल्यांनी गावाला मासे भाजून घालायचे असतात. अविवाहित कायम हरतात. कारण एखादा जरा बरा खेळायला लागला, की गावातली कुणीतरी त्याच्याशी लग्न करून त्याला पलीकडे धाडते. सप्टेंबरात आमचा गोलकीपर प्रोश्पेर असाच गेला. बाकीची पोरं जर्मनीत भांडी घासतात. म्हणून आमचा कप्तान विच्को, जो माझ्याच वर्गात आहे, मला म्हणाला, "मेना, तू उंच आहेस आणि तुला लाज नाही. गोलमध्ये उभी राहतेस?"

"मागणी घालायची ही काय रीत झाली रे?"

बिचारा कानापर्यंत लाल झाला. मग मी हो म्हटलं.

सामन्याच्या दिवशी वारा असा सुटला होता, की चेंडू सारखा कड्यावरून समुद्रात पडायचा आणि खाली होडीत बसलेला माणूस शिव्या घालत तो वर फेकायचा. त्यांनी आम्हाला पार दाबून धरलं होतं, गोल तेवढा अजून झाला नव्हता. पण मध्येच, आता त्यांच्या गोलमध्ये उभ्या असलेल्या प्रोश्पेरची नवी बायको ओरडली, "अहो, टोपी घाला ना!" त्याने मान वळवली आणि विच्कोचा चेंडू आत! कुणाचा विश्वासच बसेना. विच्कोचाही नाही.

आणि शेवटी शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली. मारायला बाबा.

त्याने चेंडू ठेवला. माझ्याकडे बघितलंच नाही. मी हातमोजे पुन्हा पुन्हा घट्ट करत होते. इतक्यात जाळीमागून आईचा आवाज आला. महिनाभर ती त्याच्याशी कामापलीकडे एक शब्द बोलली नव्हती.

"मेना, तुझ्या उजव्या हाताला! लग्नाआधीपासून हा तिकडेच मारतो!"

"तोन्का, गप बस गं!" बाबा ओरडला.

"का? खोटं आहे?"

"यंदा दुसरीकडे मारीन!"

"मारून तर दाखव!"

अख्खं मैदान हसलं. बाबा हसला. आई पोट धरून हसली. दोघं एकमेकांकडे असे बघत होते, की मला वाटलं, सामना कधी संपूच नये.

त्याने उजव्या हातालाच मारला. चेंडू माझ्या मनगटाला लागून कड्यापार गेला.

आम्ही एक-शून्यने जिंकलो! बाबा मासे भाजत होता, आई शेजारी उभी राहून ते उलटत होती. बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या, "मिटलं बघ!" मीही मनात घर परत जुळवून टाकलं होतं.

घराच्या दारापर्यंत आम्ही तिघं बरोबर आलो. बाबा उंबऱ्यापाशी थांबला.

"चल, निघतो."

"जॅकेटची चेन लाव," आई म्हणाली. "वारा आहे."

बस, एवढंच. इतकं मनापासून हसूनही माणसं वेगळ्या घरी जाऊ शकतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मनगट ठणकत होतं.

"थांब बाबा," मी म्हटलं. "तुम्हाला उत्तर हवं होतं ना? माझं ठरलंय."

दोघांचे चेहरे पेनल्टीआधी माझा झाला असेल तसे झाले.

"मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात. गोलचे खांब कुणी उपटून नेत नाही. मी या घरात राहणार, माझ्या खोलीत. तुम्ही यायचं, आलटूनपालटून. एक आठवडा आई, एक आठवडा बाबा. स्प्लिटची बोट रोज असते. आणि बॅगा तुम्ही भरायच्या. मी नाही."