लाल बादलीतला चुरा

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी बादली. माझ्या लाल अंगावर पांढऱ्या रंगात 'आग' असं लिहिलेलं आहे. ते कुणी वाचलं की मला मान वर करवत नाही.

आग विझवायला माझ्यात कोरडी वाळू भरून मला भिंतीवर टांगलं होतं. मालक आपल्या दोन यंत्रांच्या खोलीला 'कारखाना' म्हणायचे. त्यांची थोरली बहीण, अक्का, हसायची, "हो, आणि मी त्याची जनरल मॅनेजर!" झाडलोट आणि पॅकिंग तीच करायची.

आग काही लागेना. एक दिवस मालकांनी माझी वाळू अंगणात ओतली आणि मला धातू कापायच्या यंत्राखाली ठेवलं. खरं सांगते, मला आनंदच झाला. नुसतं लटकून कंटाळले होते. आता माझ्यात चमचमता चुरा पडायचा. लोखंडाचा, पितळेचा आणि मॅग्नेशियम नावाच्या हलक्या, चांदीसारख्या धातूचा. वर तेलकट चिंध्या.

"अरे, मॅग्नेशियमचा चुरा वेगळा ठेव. पेटतो तो," अक्का म्हणाली.

"कचराच तो. बघू उद्या."

तो उद्या आलाच नाही. एका दुपारी धातू घासायच्या ग्राइंडरची ठिणगी माझ्यात पडली. चिंध्या पेटल्या, मग चुरा. डोळे दिपवणारा पांढरा जाळ उठला. घाबरलेल्या मालकांनी पाण्याचा डबा उचलला.

"पाणी नको!" अक्का ओरडत धावली. तिने भावाला ढकललं, पण पाणी पडून गेलं होतं. पेटत्या मॅग्नेशियमवर पाणी पडलं की आग आणखी भडकते; जाळ फुटल्यासारखा उसळला. अक्काचे दोन्ही हात भाजले. शेजारच्या वेल्डरने कोरडी वाळू आणून ओतली, तेव्हा कुठे मी विझले. आग लागली तेव्हा माझ्या पोटात वाळूचा कणही नव्हता.

बादलीचा काय दोष, असं तुम्ही म्हणाल. पण त्या चकाकीवर मी भाळले होते. मित्रांनो, धातूचा चुरा नुसता कचरा समजू नका. प्रत्येक धातू वेगळा, कोरडा, झाकून ठेवा. तेलकट चिंध्या त्यात टाकू नका.

दोन महिन्यांनी अक्का कारखान्यात परतली. तिची बोटं आता पुरती मिटत नाहीत.

"अक्का, तुला तोंड दाखवायची लाज वाटते," मालक म्हणाले.

"लाज नंतर. आधी झाकणाचे डबे आण."

त्यांनी आणले. झाकणं घट्ट आहेत, अक्काला उघडता येत नाहीत. तिने हाक मारली, की मालक हातातलं काम टाकून येतात आणि तिच्याकडे न बघता झाकण उघडून देतात.