निमंत्रणाची फाइल

धम्मदीनानं चौथ्यांदा फोन लावला आणि चौथ्यांदा विहारातल्या मीराबाईंनी तो कापला. मग मात्र तिनं कॉलेजातला तास अर्ध्यावर सोडला, स्कूटर काढली आणि राऊहून थेट त्यांचं छत्रीबागेतलं घर गाठलं.

सकाळी विहाराचे चिटणीस अशोककाका यांच्या नावानं धम्मदीनाला कार्यक्रमाच्या निमंत्रणाची फाइल आली होती. उघडताना फोननं विचारलं, मेसेज वाचू का, संपर्क बघू का, स्क्रीन हाताळू का. तिनं प्रत्येक वेळी 'हो' दाबलं. दुपारपर्यंत तेच निमंत्रण तिच्या नावानं आपोआप अख्ख्या विहारात फिरलं. म्हाताऱ्या मंडळींना फोन जपून वापरायला शिकवणारी हीच ती. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

स्वतःचा फोन बंद करून ती मैत्रिणीच्या फोनवरून एकेकाला सावध करत सुटली. राहिल्या होत्या फक्त मीराबाई. अनोळखी नंबर उचलायचा नाही, हा धडा त्यांनी मनापासून गिरवला होता. त्यांच्या नवऱ्याची फौजेतली पेन्शन ज्या खात्यात यायची ते त्यांच्या फोनला जोडलेलं होतं, आणि घर चालायचं ते त्या पेन्शनवरच.

मीराबाईंनी दार उघडलं, पण साखळीपुरतंच.

"मावशी, माझ्या नावानं आलेलं निमंत्रण उघडलंत का?"

"हां, मग? कसल्या कसल्या परमिशन मागत होता फोन. सगळ्या दिल्या. तुझं काम म्हटल्यावर नाही कशी म्हणू?"

धम्मदीनानं दाराच्या फटीतून हात पुढे केला.

"फोन द्या इकडे. नाहीतर तुम्हीच बंद करा, आत्ताच्या आत्ता."

मीराबाईंनी फोन छातीशी धरला. त्यांची नजर तिच्या घामेजलेल्या चेहऱ्यावरून, पुढे केलेल्या हातावर येऊन थांबली.

"इतकी जल्दी कशाची गं?"

"ते मी पाठवलंच नव्हतं. चोरांचं आहे ते."

"नाव तर तुझंच होतं." त्या जराशा मागे सरकल्या. "अन् तूच शिकवलंस ना, जो घाई करेल, फोन मागेल, त्याला बिलकुल द्यायचा नाही. अपना आदमी हो तो भी नाही."

"मावशी, मी समोर उभी आहे."

"तेच तर बघतेय."

फोन वाजला. एकदा, मग लागोपाठ. मीराबाईंनी चष्मा सावरून पाहिलं.

"बँकेचे मेसेज येतायत. ओटीपी का काय म्हणतात, ते नंबर आहेत. तू जरा थांब बेटा, मला नीट वाचू दे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी दार लोटून घेतलं.