उद्याचा फळा

मी एक जुना लाकडी फळा आहे, आणि एका आठवड्यापुरती मला पुसले जाण्याची भीती वाटली होती. मित्रांनो, तुम्हाला याचे हसू येईल. पुसले जाण्यासाठीच तर फळ्याचा जन्म असतो. मीही वर्षानुवर्षे तसेच समजत आलो होतो. पण गेल्या मार्गशीर्षात असे काही दिवस आले, की समोरून कोणी ओले फडके घेऊन गेले तरी माझे लाकूड आतल्या आत आवळून येई.

माझा जन्म घोटीचा. तिथल्या एका शाळेसाठी सुताराने सागाच्या चार फळ्या जोडून मला तयार केले. भाताच्या लावणीच्या दिवसांत माझ्यासमोरचा वर्ग निम्मा रिकामा असे आणि दारातून चिखलाचा वास येई. त्या शाळेत ढुंढिराज मास्तर चित्रकला शिकवत. त्यांनी माझ्यावर मोर काढले, बैलगाड्या काढल्या, एकदा तर अख्खा कळसूबाईचा डोंगर काढला आणि तो पुसवेना म्हणून दुसरा तास झाडाखाली घेतला. पुढे शाळेत गुळगुळीत हिरवे फळे आले. मला जळणाच्या लाकडांशेजारी टेकवून ठेवले. मास्तर त्याच वर्षी निवृत्त झाले. निरोपाला शाल-श्रीफळ देऊ लागले तेव्हा ते म्हणाले, "शाल आहे घरी. मला तो फळा द्या."

अशा रीतीने मी टेम्पोत आडवा पडून नाशिकला आलो. नाट्यगृहाकडे वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी एका लहानशा वाचनालयाची भिंत आहे. त्या भिंतीवर पत्र्याच्या छपराखाली मास्तरांनी मला टांगले आणि माझ्या डोक्यावर पांढऱ्या रंगाने कायमची ओळ लिहिली : 'या आठवड्यात शहरात'.

त्या दिवसापासून माझे आयुष्यच बदलले. दर रविवारी संध्याकाळी मास्तर येत. रंगीत खडू ते आदल्या दिवशी साखरेच्या पाण्यात भिजवून वाळवत. त्यामुळे अक्षर उठून दिसते आणि कोणाचा खांदा घासला तरी पुसले जात नाही. नाटक पिवळ्या खडूने, गाण्याची मैफल पांढऱ्या, चित्रांचे प्रदर्शन निळ्या आणि मुलांचे काही असेल तर गुलाबी. साखरेमुळे मुंग्या येत. त्या अक्षरांच्या वळणांवरूनच रांगेने चालत, जणू गिरवत आहेत. मास्तर त्यांना हाकलत नसत.

रोज सकाळी येऊन ते काल झालेल्या कार्यक्रमाची ओळ ओल्या फडक्याने पुसत. मी वरून खाली रिकामा होत जाई आणि रविवारी दुपारपर्यंत कोरा. लोक थांबून वाचत. "अहो, हे नाटक परत लागलंय!" असे कोणी म्हणाले, की मला माझेच कौतुक झाल्यासारखे वाटे. पुढे मोबाइल आले आणि लोक मान खाली घालून जाऊ लागले. चौकात दिव्यांचा मोठा पडदाही लागला. माझ्याकडे पाहणारे कमी झाले. तरी मास्तर एकही रविवार चुकले नाहीत.

माझ्या पायाशी फुलाबाई बसते. मखमलाबादकडे तिचा मळा आहे. तिला वाचता येत नाही, पण कोणत्या दिवशी किती फुले आणायची हे ती माझ्यावरूनच ठरवी.

"काका, सोमवारी काय हाय?" ती विचारी.

"व्याख्यान आहे."

"मंग गजरे?"

"कमी आणा. व्याख्यानाला टकलेच जास्त येतात."

"आन् तुमी?"

"मी पहिल्या रांगेत!" असे म्हणून मास्तर टोपी काढून आपले टक्कल दाखवीत. हा संवाद मी अनेकदा ऐकला. दोघेही दर वेळी नव्याने हसत.

त्या मार्गशीर्षातल्या रविवारी मास्तर आले तेव्हा त्यांना धाप लागत होती. दोन ओळी लिहून ते फुलाबाईच्या खोक्यावर बसत आणि पुन्हा उठत. आठवडा भरगच्च होता : व्याख्यान, गाण्याची बैठक, चित्रप्रदर्शन, दोन अंकी नाटक, जुन्या गाण्यांचा वाद्यवृंद, शनिवारी मुलांच्या नाटकांची स्पर्धा आणि शेवटी रविवारी सकाळी कथक. गुलाबी ओळ लिहिताना फुलाबाईची नात रोशनी शेजारी उभी होती. तिच्या शाळेचे नाटक त्या स्पर्धेत होते.

"मला एकच वाक्य आहे, आजोबा," ती म्हणाली. "मी दवंडीवाला आहे."

"एकच असलं तरी नाटक त्यानंच सुरू होतं," मास्तर म्हणाले.

"पण आपलं कुणीतरी समोर बसलेलं पाहिजे. नाहीतर मला आठवतच नाही. आई-बाबा पिंपळगावला लग्नाची सजावट करायला जाणार आहेत."

"मी येते की," फुलाबाई म्हणाली. "काका, कितीला हाय?"

मास्तरांनी लिहिले आणि वाचून दाखवले : शनिवार, सायंकाळी सहा.

सोमवारची ओळ त्यांनी मंगळवारी पुसली. बुधवारी सकाळी मंगळवारची पुसली, फडके माझ्या कडेच्या खिळ्याला अडकवले आणि घरी गेले. दुपारी त्यांचे निधन झाले.

संध्याकाळी अश्विन आला. तो नाट्यसंस्थेचा कार्यकर्ता; कार्यक्रमांतले बदल तोच मास्तरांना कळवत असे. त्याच्याबरोबर मास्तरांची मुलगी साधना होती. ती पुण्याहून आली होती. रडून तिचे डोळे सुजले नव्हते; उलट ते फार कोरडे दिसत होते. अश्विनच्या हातात खडू होता.

"ताई, वरती जागा आहे. काकांची बातमी इथंच लिहितो. त्यांचाच फळा."

"नको," साधना म्हणाली. "शोकाच्या बातम्यांना गावात दुसरे फळे आहेत. हा फळा जे होणार आहे त्याचा आहे, असं बाबा म्हणायचे."

अश्विनने खडू खिशात ठेवला. तो म्हणाला, "मग एक करू. दहावं होईपर्यंत याला कुणी हात लावायला नको. काकांचं शेवटचं अक्षर आहे."

साधनाने मान हलवली. फुलाबाईने खिळ्यावरचे फडके काढून, घडी करून आपल्या खोक्यात ठेवले. आणि मित्रांनो, मी सुटकेचा श्वास सोडला. मलाही तेच हवे होते.

पण गुरुवारी सकाळी कोणीतरी थांबून विचारले, "प्रदर्शनाचं उद्घाटन आज आहे का?" ते बुधवारीच होऊन गेले होते. शुक्रवारी एक जोडपे नाटकासाठी तयार होऊन आले. माझ्यावर गुरुवारचे नाटक अजून तसेच होते आणि वाराकडे त्यांचे लक्ष गेले नव्हते. ते गेटवरून परत फिरले आणि माझ्याकडे रागाने पाहत गेले. आयुष्यात पहिल्यांदाच मी लोकांना फसवत होतो. दुसरीकडे रात्रीचे दव माझ्या अक्षरांच्या कडा हळूहळू विरघळवत होते. कोणती भीती मोठी धरावी, हे मला कळेना.

शुक्रवारी संध्याकाळी अश्विन घाईने आला. साधना माझ्यासमोर उभी होती. ती रोज त्या वेळी येऊन उभी राही.

"ताई, उद्याच्या मुलांच्या स्पर्धेची वेळ बदललीय. सहाऐवजी चार. शाळांना कळवलंय. फक्त फळ्यावर..." बोलता बोलता तो थांबला.

"एकच शब्द आहे," साधना म्हणाली.

"हो. एकच."

तिने बाटलीतल्या पाण्याने रुमाल भिजवला. हात उचलला. 'सहा' हा शब्द मास्तरांनी तिसऱ्यांदा उठून लिहिला होता; त्यातला काना किंचित थरथरला होता. तिचा हात माझ्यापासून बोटभर अंतरावर थांबला. रुमालातून पाणी टपकत राहिले. मी मनात म्हणत होतो, पुसू नकोस. आज त्याचे मला वाईट वाटते, पण मी तेच म्हणत होतो.

तिने हात खाली घेतला. पिशवीतून कागद काढून त्यावर पेनाने मोठ्या अक्षरांत लिहिले, 'बदल : शनिवार, मुलांची नाटके दुपारी चार वाजता', आणि चिकटपट्टीने तो कागद माझ्या खालच्या कोपऱ्यात लावला.

मित्रांनो, वर्षानुवर्षे खडू खाल्लेल्या लाकडावर चिकटपट्टी टिकत नाही. पट्टीला लाकूड लागतच नाही, नुसती भुकटी लागते. हे मास्तरांना ठाऊक होते; म्हणून त्यांनी मला कधी कागद लावला नाही. साधनाने मात्र आयुष्यात पहिल्यांदाच फळ्याला कागद लावला होता. फुलाबाईला सांगितले असते तरी चालले असते. पण ती त्या दिवशी सजावटीची फुले खुडायला लवकर निघून गेली होती. रात्री दव पडले. पट्टीचे एक टोक सुटले, मग दुसरे. उजाडता उजाडता कागद खाली पडला आणि झाडणाऱ्या बाईने तो पालापाचोळ्याबरोबर नेला.

सकाळी फुलाबाई आली. तिने नवे लुगडे नेसले होते. रोशनी त्याआधीच शाळेत गेली होती; बदललेली वेळ तिला तिथेच कळणार होती. येणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीला तिने थांबवले.

"पोरी, पोरांचं नाटक कितीला हाय गं? बघ जरा."

मुलीने गुलाबी ओळ वाचली. "सहाला, आजी."

"तेच म्हटलं मी."

त्या दिवशीची दुपार मी कशी काढली ते माझे मला ठाऊक. तीन वाजल्यापासून शाळांच्या रिक्षा नाट्यगृहाकडे वळू लागल्या. कोणाच्या डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, कोणाला कापसाच्या मिशा. फुलाबाई खाली मान घालून नातीसाठी शेवंतीचा हार ओवत होती. मान वर करून तिने विचारलेही, "एवढ्या लवकर चालली का पोरं?" शेजारचा चहावाला म्हणाला, "तयारी करायला लागते, आजी." मला ओरडता आले असते तर मी चौक हादरवला असता. चार वाजले. ती गाठ मारत होती. पाऊण तास गेला. ती दोरा तोडत होती.

साडेपाचला ती हार घेऊन निघाली आणि थोड्याच वेळात रोशनीचा हात धरून परत आली. रोशनीच्या गालांवर रंग होता आणि डोक्याला मोठे मुंडासे. हार अजून फुलाबाईच्याच हातात होता. त्याच वेळी साधना समोरून आली. माझा खालचा कोपरा रिकामा पाहून ती जागीच थबकली.

"ताई," फुलाबाई म्हणाली, "जरा वाचा. तिथं सहाच हाय ना?"

साधनाने वाचले. "सहाच आहे."

"मंग? काकांचा फळा कधी खोटं बोलला नाय आजवर."

साधनाने कागदाचे सांगितले, आणि रुमालाचेही. "मला पुसवलं नाही, फुलाबाई," ती म्हणाली. "चूक माझी आहे."

फुलाबाई मग नातीकडे वळली. "इसरली का गं वाक्य?"

"नाही," रोशनी म्हणाली. "पहिल्या रांगेत तू नव्हतीस. मला वाटलं, तुला आत सोडलं नसेल, तू दाराबाहेर असशील. म्हणून मी दाराकडे तोंड करून जोरात म्हटलं. बाई म्हणाल्या, तू प्रेक्षकांना पाठ दाखवलीस."

मग फुलाबाईने फुलांची बादली पुढे सरकवली. "हितं म्हण. ढोलकं हे घे."

रोशनीने बादलीवर थाप मारली, पाणी उडाले, आणि ती ओरडली, "ऐका हो ऐका! राणीसाहेबांचा पोपट उडाला! जो शोधील त्याला अर्धी शेंगदाण्याची चिक्की!"

रस्त्यावरची माणसे थांबली. चहावाल्याने विचारले, "आणि उरलेली अर्धी?"

"ती पोपटाची!" रोशनी म्हणाली. फुलाबाईने तिच्या गळ्यात हार घातला आणि पदराने डोळे पुसले.

साधनाने फुलाबाईकडे हात पुढे केला. "ते फडकं द्या."

तिने फडके त्याच बादलीत बुडवून पिळले. पाण्याला शेवंतीचा वास होता. आधी तिने होऊन गेलेल्या ओळी पुसल्या, वरून खाली, मास्तर पुसत तशा. मग गुलाबी ओळ. साखरेची अक्षरे सहज निघत नाहीत. तिला हात दाबावा लागला. 'सहा'वर ती एकदा थांबली. मग तोही गेला. दुखेल असे मला वाटले होते. पण फक्त गार वाटले, आणि खूप दिवसांनी मोकळे. शेवटची कथकाची ओळ तिने तशीच ठेवली, कारण ते अजून व्हायचे होते.

रविवारी संध्याकाळी ती साखरेतले खडू घेऊन आली. तिचे अक्षर मास्तरांसारखे नाही. ओळी उजवीकडे चढत जातात आणि पिवळ्याच्या जागी एकदा निळा खडू लागला.

"ताई, सोमवारी काय हाय?" फुलाबाईने विचारले.

"व्याख्यान."

"मंग गजरे?"

साधना लिहिता लिहिता थांबली. "कमी आणा," ती म्हणाली. "टकलेच जास्त येतात."

दोघी हसल्या. मग साधना माझ्याकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली. तिचे खांदे हलत होते आणि तिचा श्वास माझ्यावर गरम लागत होता.

मित्रांनो, माझी काळजी अजून मिटलेली नाही. साधनाची रजा संपत आली आहे. येत्या रविवारी कोण येईल, कोणी येईल की नाही, हे मला ठाऊक नाही. म्हणून तुम्हाला एकच विनंती करतो. माझ्यासारखा फळा दिसला तर त्याला हार घालू नका, काचेत ठेवू नका. कालची ओळ पुसा, आणि हाताला येईल त्या अक्षरात उद्याची लिहा. फडके खिळ्याला आहे. खडू वरच्या फळीवर आहेत. मुंग्या लागल्या असतील, तर फुंकर मारून घ्या.