न बघितलेली वाट

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सोमशेखर तपासणी खात्याचा साहेब होता. २००३ सालच्या जानेवारीत तिथल्या कामगार क्लबानं एक दिवसाची पायी सहल ठरवली. आजऱ्याच्या पलीकडं, रानातून येणाऱ्या नदीच्या काठानं पाच-सहा तास चालायचं. बघता बघता तीस नावं झाली. आधी जाऊन वाट बघून यायचं काम सोमशेखरनं आपणहून अंगावर घेतलं.

रविवारी तो मोटारसायकल काढून निघाला खरा, पण आजऱ्यात सासुरवाडी. सासूनं तुपाची धार सोडून पोळ्या वाढल्या. जेवून जो आडवा झाला तो उन्हं कलल्यावरच उठला. मेव्हणा म्हणाला, “नदी धरून सरळ वाट हाय, दाजी. चुकायचं कामच न्हाय.” तेवढं ऐकून, पावशेर काजू खिशात घालून सोमशेखर माघारी आला. आणि सोमवारी कँटीनमध्ये कुणीतरी विचारलं तेव्हा त्याच्या तोंडातून निघून गेलं, “सगळी वाट पायाखाली घातली की!”

गुरुवारी पाळी सुटल्यावर बैठक झाली. सोमशेखरनं फळ्यावर खडूनं नदी काढली. ऑफिसातली क्रांती वही घेऊन पुढंच बसली होती. गाडीपासून जेवणापर्यंत सगळी आखणी तिच्याकडं होती.

“नदी किती ठिकाणी ओलांडायची, सर?”

“दोन.”

“पाणी किती असतंय?”

“गुडघाभर.”

तिनं ते लिहून घेतलं. लिहिणाऱ्या त्या हाताकडं बघताना सोमशेखरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एवढ्यात स्टोअरमधल्या आकारामनं हात वर केला. पोलिओनं त्याचा डावा पाय लहानपणीच वाळलेला. माणूस कामाला चोख, बोलायला कमी.

“माझं पण नाव घाला की, साहेब. त्या वाटंचं मला...”

वाटेचं नाव निघताच सोमशेखरनं हातातला खडू खाली ठेवला. हा आता काहीतरी विचारणार आणि आपण उघडे पडणार, एवढंच त्याला सुचलं. त्यानं आकारामला पुढं बोलूच दिलं नाही.

“आकाराम, ही वाट तुझ्यासारख्याची न्हाय. तुझ्या पायापायी तीस माणसं खोळंबतील.”

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. आकारामचा हात हळूहळू खाली आला. चहा यायच्या आधीच तो उठून गेला.

क्रांतीनं वही मिटली. “सर, या रविवारी परत एकदा जाऊन येऊया. पिराजीमामा जीप काढतो म्हणालेत. किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघू.”

नाही म्हणायला काही कारण सापडेना.

रविवारी सकाळी कंपनीचा ड्रायव्हर पिराजी, क्रांती आणि सोमशेखर नदीकाठच्या शेवटच्या वाडीत पोचले. पुढं नुसतं रान. एका दारात सत्तरीची बाई सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. झुंबरबाई तिचं नाव. क्रांतीनं वाट विचारली आणि म्हणाली, “आमचे साहेब गेल्या रविवारी येऊन गेलेत, पण म्हटलं खात्री करावी.”

म्हातारीनं सोमशेखरला खालून वर न्याहाळलं. “हे पावणं? न्हाय बाई. नदीकडं जायला माझ्या अंगणातनंच वाट हाय. मी तर दिवसभर हितंच हुतो.”

क्रांतीनं वळून सोमशेखरकडं बघितलं. तो बुटाची नाडी सोडून परत बांधू लागला.

“कागलच्या कंपनीतलं व्हय तुमी?” झुंबरबाईचा चेहरा फुलला. “मग आमच्या आकारामला का न्हाय आणलासा? माझा भाचा हाय त्यो. आई गेल्यावर माझ्यापाशीच वाढला. ह्याच नदीकाठानं काठी टेकत पल्याडच्या साळंला जायचा, चार वर्सं. संक्रांतीला आलता तवा सांगून गेलाय, आत्ती, कंपनीची माणसं येणार हाईत, तीस जणांचं जेवाण करायचं. त्याचंच तांदूळ निवडालोय.”

सोमशेखरला तिथं उभं राहवेना. म्हातारीनं वाट दाखवायच्या आतच तो नदीकडं चालू लागला. तासाभरानं काठ कड्याला भिडला आणि नदी ओलांडावी लागली. गुडघाभर म्हणून तो पाण्यात शिरला. चौथ्या पावलाला पाणी छातीला लागलं, पाय शेवाळावरून सटकला. पिराजीनं कॉलर धरून त्याला बाहेर ओढलं.

“तीस माणसं आणणार होतो आपण इथं,” क्रांती एवढंच म्हणाली.

सोमवारी सोमशेखर स्टोअरच्या खिडकीशी गेला. आकाराम नटबोल्ट मोजत होता.

“आकाराम, मी वाट बघितलीच नव्हती. तू विचारशील म्हणून भ्यालो, आणि तुला तसं बोललो. सगळ्यांसमोर तुझी माफी मागतो.”

“नगासा, साहेब.” आकारामनं मान वर केली नाही. “माझ्या पायाचं एकदा सगळ्यांसमोर झालंय, तेवढं बास. तुमचं तुमी काय सांगायचं ते सांगा.”

“तू येशील?”

“येणार की. आत्तीनं तांदूळ निवडून ठेवल्यात.”

दुपारी कँटीनमध्ये सोमशेखरनं आपलं खोटं सांगितलं. लोक हसले. “सासुरवाडीला कोण सोडतंय, साहेब!” म्हणून कुणी टाळीही मागितली. चारचौघांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटून गेलं.

मग आकाराम आणि क्रांतीनं सगळी आखणी नव्यानं केली. कड्याच्या अलीकडंच पाणी पसरट होतं, तिथून नदी ओलांडायची ठरली. सहलीच्या दिवशी आकाराम पुढं, काठी टेकत, आपल्या बेतानं चालत होता. तीस माणसं त्याच्या मागं, आणि कुणीही खोळंबलं नाही. सोमशेखर सगळ्यात मागं होता. वाटेत आकारामनं त्याला दोनदा हाक मारली, दगड निसरडा आहे म्हणून. हाकेत राग नव्हता, जवळीकही नव्हती.

दुपारी झुंबरबाईच्या अंगणात पंगत बसली. म्हातारी भात वाढत सोमशेखरपाशी आली आणि थबकली.

“आमच्या पोराला म्होरक्या केलासा, साहेब. लई मोठं मन तुमचं. त्याला कुठं न्यायचं म्हटलं की लोकं आधी पायाकडंच बघत्यात.”

चार हातांवर आकाराम पाणी वाढत होता. त्यानं ऐकलं होतं. सोमशेखरनं त्याच्याकडं बघितलं. आकारामनं तांब्या वाकवून त्याचं भांडं भरलं, आणि पुढच्या माणसाकडं गेला.