नडगीवरचा अंगठा

प्लास्टरच्या खोलीत वीस वर्षं काढली की माणूस चेहरे वाचायला शिकतो. एक्स-रे निघेपर्यंत मी आपला हाडावर अंगठा दाबून बघतो. नेमक्या जागी दाबलं की पहिलवानही तोंड वाकडं करतो. ही फुशारकी मी घरी जेवताना शंभरदा मारलीय, आणि आमची चिमणी दरवेळी कान देऊन ऐकायची.

चिमणी पंधराची, आठशे मीटर पळते. उद्या निवड चाचणी. गेला आठवडाभर ती जिना चढताना डावा पाय जपून टाकतेय. हाडाला बारीक चीर असली आणि तशीच पळाली, तर पाय मोडूनच घरी येईल.

संध्याकाळी तिची आई तिच्या कपाटाशी उभी दिसली. हातात मीच आणलेली कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली, सीलसुद्धा न फोडलेली.

"दूधही दोन महिने बंद आहे," ती म्हणाली. "शाळेत पिते म्हणून मला थापा मारल्या. सराव घेणारे सर म्हणाले म्हणे, वजन उतरव, वेग वाढेल."

हाडांची भर याच वयात पडते, हे डॉक्टर रोज माझ्यादेखत मुलींच्या आयांना बजावतात. वर मीही माझी दोन वाक्यं ठोकून देतो. मला स्वतःचीच चीड आली.

चिमणी सरावाहून आली, तशी तिला खुर्चीत बसवलं.

"पाय पुढे कर."

"काही झालं नाहीये, बाबा. चाचणी चुकवायला लावू नका."

"दुखत नसेल तर खुशाल पळ. शब्द देतो."

उजव्या नडगीवर वरून खालपर्यंत दाबत गेलो. ती आईकडे बघून गालात हसत होती. मग डावी. गुडघ्याखाली दाबलं, काही नाही. मधोमध दाबलं, तरी चेहरा कोरा. इतकं हायसं वाटलं की माझे डोळेच भरून आले. घोट्याच्या वरची चार बोटं तेवढी राहिली होती. मी अंगठा उचलून खाली नेला.

"नाही दुखत," ती म्हणाली.

अंगठा अजून टेकलाच नव्हता.